कसा होता पिक्चर? : प्रस्तावना

सिनेमा पाहून आलेल्या माणसाला रत्नागिरीत ‘कसा होता पिक्चर?’ असं विचारलं, तर ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असं सरळ उत्तर सहसा मिळत नाही. ‘पंखे चालू होते,’ असं मिळतं. त्यावरून काय ते आपण समजायचं. स्तुती करायची तर तिरकी, आणि निंदा करायची तर इतक्या सभ्यपणे की ज्याची झाली त्याला ती घरी पोचल्यावर कळावी, अशी इथली रीत. पु. ल. देशपांड्यांनी अंतू बर्व्याला रत्नागिरीच्या मधल्या आळीतच बसवला तो उगाच नव्हे. जगातल्या यच्चयावत गोष्टींवर आपलं मत असणं आणि ते कुणी विचारायच्या आत देऊन मोकळं होणं, ही या गावाची वहिवाट आहे. हे पुस्तक त्याच वहिवाटीत मोडतं.

पुस्तकात आहेत त्या नोंदी. नोकरी संपून संध्याकाळी मोकळ्या मिळू लागल्या तेव्हापासून पाहिलेल्या सिनेमांबद्दल मी वहीत लिहीत आले. थिएटरात पाहिलेले, टीव्हीवर अर्ध्यातून सापडलेले, मुलीनं फोनवर लावून दिलेले, पणजीच्या महोत्सवात रांग लावून पाहिलेले. १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ आणि २०२५ सालचा ‘दशावतार’ एकाच वहीत, लागोपाठच्या पानांवर. काही नोंदी चार ओळींच्या, काही चार पानांच्या. त्यांना परीक्षणं म्हणता येणार नाही, आणि आठवणी म्हणाव्यात इतक्या त्या माझ्याबद्दलही नाहीत. तेव्हा हा प्रकार नेमका कोणता, सिनेमाविषयीच्या लेखनात त्याला जागा कुठली, आणि एका गावातल्या एका बाईची मतं इतरांनी का वाचावीत, याचा जाब प्रस्तावनेत द्यायला हवा. जो वाचक आजवर फक्त सिनेमे पाहत आला, त्यांच्याबद्दल काही वाचायच्या भानगडीत पडला नाही, त्याच्यासाठी थोडी लांबून सुरुवात करते.

७ जुलै १८९६ या दिवशी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्याच महिन्यात रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोदच्या जत्रेत मॅक्सिम गॉर्कीनं तशीच चित्रं पाहिली आणि वर्तमानपत्रात लेख लिहिला. तो काही सिनेमाचा जाणकार नव्हता. जाणकार व्हावं इतका सिनेमाच तेव्हा झालेला नव्हता. रंग नाही, आवाज नाही, माणसं हलतात पण पावलं वाजत नाहीत, याची त्याला जवळजवळ भीती वाटली. आज तो लेख वाचणारे ल्युमिएरसाठी वाचत नाहीत. पहिल्यांदा पडदा पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय झालं, ते त्यात सापडतं म्हणून वाचतात.

आपल्या घरचं उदाहरण फाळक्यांचं. ख्रिस्ताच्या चरित्रावरचा सिनेमा त्यांनी मुंबईत पाहिला आणि ख्रिस्ताच्या जागी त्यांना कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसू लागली. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ साली लिहिलेल्या लेखांत त्यांनी हे स्वतःच सांगून ठेवलं आहे. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते पुन्हा तोच सिनेमा पाहायला गेले, आणि मग मुंबईत लागेल तो सिनेमा पाहायचा सपाटाच त्यांनी लावला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून निघाला. म्हणजे ज्यानं या धंद्याचा पाया घातला तो आधी एक बेचैन प्रेक्षक होता, आणि ती बेचैनी त्यानं मराठीत लिहून ठेवली. सिनेमावरच्या मराठी लेखनाची वंशावळ मला विचाराल तर अशी प्रेक्षकापासून निघते. समीक्षक पुढच्या पिढ्यांतले.

फाळक्यांच्या वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला होता. तोरणे मालवण भागातले. तो सगळा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. पहिला भारतीय सिनेमा कुणाचा, हा वाद निघाला की आमच्याकडची माणसं म्हणून तोरण्यांच्या बाजूनं उभी राहतात. मीही राहते. पण वाद जिंकायला हातात काही नाही, कारण ‘श्री पुंडलिक’ची फिल्म उरलेली नाही. उरलंय ते त्याच्याबद्दल छापून आलेलं थोडंफार. ‘आलम आरा’ या १९३१ च्या पहिल्या हिंदी बोलपटाचं तेच. ‘राजा हरिश्चंद्र’ तरी कुठे पुरता उरलाय? २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या काळातला मोठा ठेवा जळाला. सिनेमा कायमचा टिकतो आणि त्यावरची मतं हवेत विरतात, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा उलटं झालेलं आहे. फिल्म गेली, आणि कुणीतरी कुठेतरी ‘मी पाहिला तो असा होता’ म्हणून लिहिलं तेवढंच हाती राहिलं.

बोलपट आल्यावर, ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठीत बोलू लागल्यावर, सिनेमावर लिहिणाऱ्यांची मराठीत हळूहळू तीन घराणी झाली.

पहिलं वर्तमानपत्री परीक्षणाचं. शुक्रवारी पाहायचं आणि रविवारच्या अंकात निकाल लावायचा, हे त्याचं बंधन. त्यातून एक साचा पडला: आधी कथानक, मग नटनट्यांची हजेरी, मग संगीत, आणि शेवटी ‘छायाचित्रण व संकलन ठीक’. ‘ठीक’ म्हणजे काय, हे छायाचित्रकाराला कधी कळलं नसेल. पुढे या साच्याला तारे लागले. तरी या घराण्याला नावं ठेवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. घाईत लिहिलेल्या मजकुरात कधीकधी माणूस जास्त खरा बोलतो. इंग्लंडात ग्रॅहम ग्रीन हा कादंबरीकार काही वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहीत होता. बालनटी शर्ली टेंपलला प्रौढांच्या नजरेसमोर कशी सजवून मांडतात, याबद्दल त्यानं १९३७ साली लिहिलं आणि त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. तो तो हरलाही. आज टीव्हीवर लहान मुलांना नाचवतात ते पाहताना मला ग्रीन आठवतो.

दुसरं घराणं वेडाचं. इसाक मुजावरांचं ‘रसरंग’ ज्यांनी हातात धरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नट, गाणी, स्टुडिओतले किस्से, कोणाचं कोणाशी बिनसलं, हे सारं मुजावर इतिहासकाराच्या चिकाटीनं गोळा करत. मग शिरीष कणेकर आले आणि त्यांनी सिनेमावेडाला मराठीत स्वतःचा सूर दिला: दिलीपकुमार, लता, मदनमोहन यांच्यावर जीव टाकणारा आणि दुसऱ्याच वाक्यात कुणाची तरी रेवडी उडवणारा. हे लेखन तटस्थ नाही आणि तसा आवही आणत नाही. मला त्याचा हाच गुण वाटतो. दोष हा, की त्यात सिनेमाचा सुवर्णकाळ नेहमी लिहिणाऱ्याच्या पंचविशीत येऊन थांबतो.

तिसरं अभ्यासाचं. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, १९५९ मध्ये अशा सोसायट्यांचा देशभराचा महासंघ झाला, आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. इकडे पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांनी सिनेमा कसा पाहावा हे शिकवलं, आणि शिकलेल्यांनी ते गावोगाव नेलं. सुधीर नांदगावकर, अशोक राणे, अनिल झणकर, पुढे गणेश मतकरी ही या वळणाची नावं. अरुण खोपकरांचं गुरू दत्तवरचं पुस्तक वाचेपर्यंत ‘प्यासा’तला उजेड कुठून येतो याकडे माझं लक्षच नव्हतं, मी गाणी ऐकत होते. या घराण्यानं मराठी वाचकाला चौकट पाहायला शिकवली. त्याबरोबर थोडा धाकही घातला. तारकोव्हस्की पाहताना झोप आली असं मोठ्यानं म्हणायची पुष्कळांची छाती होत नाही. या पुस्तकात एके ठिकाणी तसं म्हटलेलं आहे. कितव्या मिनिटाला आली तेही लिहिलंय.

विजय पाडळकरांचं नाव मी मुद्दाम वेगळं काढते. नांदेडला राहून, बँकेत नोकरी करून त्यांनी जगाच्या सिनेमावर मराठीत इतकं लिहिलं, की मुंबई-पुण्याबाहेर राहणाऱ्या प्रेक्षकाची भीड चेपली. माझी तरी चेपली.

परदेशातही हीच भांडणं झाली आहेत. पॅरिसमध्ये १९५१ साली निघालेल्या ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकातली त्रुफो, गोदार वगैरे पोरं आधी जहाल लिहीत होती, मग स्वतःच सिनेमे करू लागली. दिग्दर्शक हाच सिनेमाचा लेखक, हा त्यांचा हट्ट जगानं उचलला. अमेरिकेत पॉलिन केल यांनी त्या हट्टाची टर उडवली आणि आपल्या पहिल्या धक्क्यावर विश्वास ठेवला; सिनेमा त्या दुसऱ्यांदा पाहत नसत. मी पाहते. त्यावर पुढे येईन.

तिन्ही घराण्यांचं मी देणं लागते आणि तिन्हींत बसत नाही. मला रविवारी निकाल द्यायचा नाही, कुठल्या नटावर मी जीव ओवाळून टाकलेला नाही, आणि अभ्यास म्हणावा इतका अभ्यास नाही. उरतो तो चौथा प्रकार, ज्याला घराणं नाही: जो सिनेमा समोर आला तो पाहायचा आणि काय वाटलं ते, का वाटलं यासकट, लिहून ठेवायचं. आता हे काम जगात लाखो लोक करतात. न्यूझीलंडमध्ये २०११ साली निघालेल्या लेटरबॉक्स्ड या संकेतस्थळावर माणसं पाहिलेल्या सिनेमांची रोजनिशीच ठेवतात. मुलीनं मला ते दाखवलं. तिथे एका ओळीत सिनेमा निकालात काढणारे हुशार पुष्कळ भेटले. पण ती ओळ कुणी लिहिली, तो कुठे राहतो, त्याच्या घरात सिनेमाबद्दल काय बोलतात, हे बहुतेकांबद्दल कळत नाही. मत देणारा माणूस दिसला नाही तर मताचं करायचं काय, हा माझा प्रश्न आहे. मत पटलं नाही तरी चालेल. ते कुठून आलं ते दिसलं पाहिजे. या पुस्तकाची सारी भिस्त एवढ्या एका गोष्टीवर आहे. म्हणून मी कुठून पाहते ते सांगते.

मुंबई इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. कोकण रेल्वे सलग धावू लागली ती १९९८ साली, तोवर एस.टी., आणि त्याच्याही आधी बोट. त्यामुळे रत्नागिरीत सिनेमा दोनदा यायचा. आधी चाकरमान्याच्या तोंडून आणि मग कधीतरी रिळांच्या पेट्यांतून. लालबागच्या भारतमातात पिक्चर पाहिलेला गिरणीतला काका गणपतीला गावी आला की पडवीत बसून तो अख्खा सांगायचा, मारामारीसकट आणि गाण्यांसकट. पुढे तोच सिनेमा राधाकृष्ण टॉकीजला लागला की लोक तो तपासायला जात. ‘काकांनी सांगितला त्यात घोडा होता,’ अशी तक्रार घेऊन मुलं घरी येत. काकांचा सिनेमा अनेकदा सरस असे.

तीनचा खेळ सोयीचा, कारण त्यानंतर पावस, मालगुंड, जयगडकडे जाणारी गाडी मिळायची. सहाच्या खेळाला बसलेले खेड्यांतले लोक वस्तीच्या गाडीसाठी शेवटाआधीच उठत. त्यांच्या हिशेबी कितीतरी खलनायक अजून मोकळे फिरतायत. जुलैत पत्र्यावर पाऊस असा वाजे की संवाद ऐकूच येत नसत, आणि तेव्हा सिनेमा बघावा लागे. हे विशेष म्हणून सांगते, कारण एरवी रत्नागिरीकर सिनेमा ऐकतो. हे नाटकाचं गाव. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र, संगीत नाटकांचं वेड, नाट्यगृहाला सावरकरांचं नाव. वाक्य कुठे पडलं, पॉज कुणी खाल्ला, हे इथल्या प्रेक्षकाला झोपेतही कळतं. कॅमेरा कुठे ठेवला होता ते विचारलं तर तो म्हणेल, ‘समोर.’ माझ्या नोंदींमध्येही हा कानाचा पक्षपात आहे. वाचकानं तो वजा करून घ्यावा.

मग दूरदर्शन आलं. त्याबद्दल आठवणींचे उमाळे पुष्कळांनी काढलेत, मी एकच गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले सिनेमे दाखवत, खाली इंग्रजी अक्षरं. मल्याळी, बंगाली, कन्नड, आसामी. जेवण झालेलं, घरातले बाकीचे आडवे झालेले, आणि ज्याला झोप येत नसे तो रायांचा किंवा अदूर गोपालकृष्णनांचा सिनेमा पाही. ना फिल्म सोसायटी, ना व्याख्यान. या देशातली सर्वांत मोठी फिल्म सोसायटी तीच होती, फक्त तिच्या सभासदांना आपण सभासद आहोत हे ठाऊक नव्हतं. व्हिडिओ, केबल, सीडी हे टप्पे सगळ्या गावांसारखेच इथेही झाले. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात भरू लागला आणि जगाचा सिनेमा आमच्यापासून एका गाडीच्या अंतरावर आला. आता तर तो उशाशी आहे. त्यामुळे झालं असं, की सिनेमाचा इतिहास आम्ही क्रमानं पाहिलेला नाही. मी ‘कोर्ट’ आधी पाहिला आणि ‘सिंहासन’ नंतर. इराणी सिनेमातली शाळकरी पोरं आधी, त्यांना जन्म देणारा इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ नंतर. अभ्यासक याला गोंधळ म्हणतील. पण नवा पाहून जुन्याकडे गेलं की जुना ‘जुना’ म्हणून सवलत मागत नाही. त्याला आपल्या पायावर उभं राहावं लागतं. ‘संत तुकाराम’ राहतो. आणि तो पाग्निसांच्या तुकारामापेक्षाही गौरीच्या जिजाईच्या जोरावर राहतो, असं माझं मत आहे. म्हैस हाकणारी, देवावर चिडलेली, पोरांच्या पोटाची काळजी करणारी ती बाई नसती, तर बाकीच्या चमत्कारांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

आता थोडं कोकणाबद्दल, कारण नोंदींचा मोठा हिस्सा तिथे खर्ची पडलाय.

पडद्यावरचं कोकण हल्ली आकाशातून सुरू होतं. माडांचे शेंडे, वळणाचा रस्ता, निळी खाडी, आणि ढोलकी. मग खाली एक माणूस मालवणीत काहीतरी वाकडं बोलतो आणि प्रेक्षागृह हसतं. ‘वस्त्रहरण’नं १९८० साली मालवणीला रंगभूमीवर मान मिळवून दिला, मच्छिंद्र कांबळींचे ते उपकार खरेच. पण तेव्हापासून कोकण म्हणजे मालवणी आणि मालवणी म्हणजे विनोद असं समीकरण सिनेमावाल्यांनी करून टाकलं. रत्नागिरीची संगमेश्वरी बोली, बाणकोटी, खाड्यांवरच्या मुसलमान वस्त्यांतली कोकणी, यांना पडद्यावर जवळपास जागाच नाही. एका सिनेमात (नाव नोंदीतही दिलेलं नाही) आंब्याला मोहर आहे आणि शेजारच्या मळ्यात भाताची लावणी चाललीय. असं दिसलं की पुढचं सगळं खोटं वाटू लागतं. मुंबईतल्या परीक्षणात ते येत नाही, येण्याचं कारणही नाही. इथल्या माणसानं लिहिलं तरच येईल.

चांगली उदाहरणं आहेत म्हणून तर राग येतो. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्या. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला बालप्रेक्षकांच्या परीक्षकमंडळाचं बक्षीस मिळालं. वडील गेलेला मुलगा आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई, एवढीच गोष्ट. त्यात समुद्र आहे, पाऊस आहे, पण सुंदर दिसायचं काम त्यांना दिलेलं नाही. बदलीच्या गावी भाड्याच्या घरात पहिले काही दिवस माणूस कसा वावरतो, भांडी कुठे ठेवायची ते कळत नाही, शेजारीण जरा जास्तच चौकशी करते, ते अमृता सुभाषच्या चेहऱ्यावर आहे. ज्यांनी सरकारी नोकरीत बदल्या काढल्यात त्यांना तो सिनेमा वेगळाच दिसेल. ‘श्वास’ही असाच. आजोबा आणि नातू कोकणातून शहरातल्या इस्पितळात जातात, आणि तिथल्या खिडक्या, फॉर्म, लिफ्ट यांच्यापुढे म्हाताऱ्याचं जे होतं, ते प्रत्येक घरानं अनुभवलंय.

‘नारबाची वाडी’ मुळात बंगाली. मनोज मित्रांचं नाटक, त्यावर तपन सिन्हांनी १९८० साली केलेला ‘बांछारामेर बागान’. आदित्य सरपोतदारांनी २०१३ मध्ये तो कोकणात आणला. जमीनदार म्हाताऱ्याला मरेपर्यंत दरमहा पैसे देण्याचा करार करतो, वाडीच्या आशेनं, आणि म्हातारा मरायचं नावच घेत नाही. मूळ कुठलंही असो, पोफळीच्या एका ओळीसाठी तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हा विनोद घरचाच वाटतो. दिलीप प्रभावळकरांनी तेव्हा नारबा केला आणि बारा वर्षांनी, ऐंशी ओलांडल्यावर, ‘दशावतार’मधला बाबुली. जमीन वाचवणारा म्हातारा दोन्हीकडे आहे. पहिला हसून वाचवतो, दुसरा सोंग घेऊन. मला पहिला अधिक पटला. दुसऱ्याचा उत्तरार्ध फार मोठ्या आवाजात बोलतो. पण खाणींचा प्रश्न इतक्या लोकांपुढे एखाद्या भाषणानं नेला नसता, हेही त्याच नोंदीत आहे.

आणि ‘श्यामची आई’. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, म्हणजे ही गोष्ट आमच्या जिल्ह्याचीच. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला. सुजय डहाक्यांनी २०२३ साली पुन्हा केला तो, रंगांच्या जमान्यात मुद्दाम कृष्णधवल. दोन्ही मी आठवड्याभरात पाहिले आणि त्यावरची नोंद या पुस्तकातली सर्वांत लांब. अत्र्यांच्या सिनेमात वनमालांची आई रडवते. तो रडवण्याचा हक्क तेव्हाच्या प्रेक्षकानं आनंदानं दिलेला होता. पुस्तक घरोघर पाठ होतं, दारिद्र्य ओळखीचं होतं. नव्यात गुरुजी स्वतः एक पात्र आहेत, तुरुंग आहे, काळ आहे, आणि आई त्या सगळ्यातून आठवली जाते. अधिक विचारानं केलेला सिनेमा नवा. पण आईच्या कडकपणाची भीती मला जुन्यातच वाटली. याला कारण माझं वय की सिनेमा, ते त्या पानांवर शोधायचा प्रयत्न केलाय.

दुसऱ्यांदा पाहण्याविषयी बोलायचं राहिलं. शांतारामांचा ‘कुंकू’ मी तरुणपणी पाहिला तेव्हा माझी सारी नजर नीरेवर होती. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली आणि त्याला नवरा मानायला नकार देणारी मुलगी, १९३७ साली! शांता आपट्यांच्या त्या ताठ मानेनं आमच्या पिढीतल्या बायकांना बळ दिलं. आता पाहिला तर केशवराव दात्यांचे काकासाहेब दिसले. घड्याळाशी झगडणारा, आरशात केस काळे करणारा माणूस. पार्श्वसंगीत नाही, घरातले आवाज तेवढे. सिनेमा तोच आहे. तेव्हाचं आणि आताचं, दोन्ही मतं नोंदीत छापलीत आणि त्यांचा मेळ घातलेला नाही. ‘माणूस’च्या बाबतीत मात्र मत तसूभर हललं नाही: शांतारामांचा सर्वोत्तम सिनेमा तोच.

पुस्तकाची रचना पाहण्याच्या तारखेनं आहे. भाषेनं, दिग्दर्शकानं किंवा काळानं लावलेली नाही. त्यामुळे रजनीकांतच्या पाठोपाठ ओझू येतो. तसा तो आलाच होता. तारे दिलेले नाहीत. कथा शक्यतो सांगितलेली नाही, जिथे सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही तिथे शेवट राखलाय. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर सिनेमा कुठे आणि कोणासोबत पाहिला ते दिलंय, कारण एकटीनं पाहिलेला विनोदी सिनेमा आणि नातवंडांच्या घोळक्यात पाहिलेला विनोदी सिनेमा हे दोन वेगळे सिनेमे असतात. मालिका वगळल्यात. अर्ध्यात सोडलेले सिनेमे ठेवलेत, कुठे सोडले त्यासह. घरबसल्या मिळणाऱ्या सेवांवरून सिनेमे गुपचूप काढून टाकतात, तेव्हा यातले काही वाचकाला शोधून सापडणार नाहीत. ‘श्री पुंडलिक’च्या बाबतीत आपण जे म्हणतो ते मग त्यांच्या बाबतीतही म्हणावं लागेल.

माझ्याशी वाद घातलेल्यांची मतंही जागोजागी आहेत, नाव न देता. त्यात कॉलेजातली मुलं आहेत, वाचनालयात भेटणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, मासळी आणून देणारी एक बाई आहे जिनं ‘सैराट’चा शेवट मला आधीच सांगून टाकला आणि तरी तो पाहताना हात धरायला लावला. ‘पिंजरा’वरून मात्र आमच्या घरातच एकमत नाही. माझ्या मते जर्मन ‘ब्लू एंजल’वरून घेतलेली गोष्ट शांतारामांनी कीर्तनात नेऊन बसवली, रंगांनी डोळे दिपवले आणि शेवटी डॉ. लागूंनी ती एकट्यानं ओढून काढली. यजमानांना यातलं अक्षरही मान्य नाही. राम कदमांचं संगीत आणि खेबुडकरांची गाणी असताना बाकीचं बोलायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांच्याच शब्दांत माझ्या नोंदीखाली छापलंय, आणि ते माझ्या नोंदीपेक्षा दीड पान जास्त आहे.